कोऱ्या पानावरच्या आठ सह्या

जानराव मास्तरचे हेडमास्तर झाले त्या दिवशी शाळेतल्या आठही मास्तरांनी त्यांना हार घातले, त्यांचे पेढे खाल्ले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडणबिंडण काही नाही हो. भांडण झालं असतं तर त्या निमित्ताने चार शब्द तरी झाले असते.

गाव संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याकडे तोंड करून बसलेलं. हायस्कूल टिनाच्या छपराचं, गावच्या शिक्षण मंडळाचं, आणि मंडळ उकंडराव पाटलांच्या खिशातलं. साल त्रेसष्ट. जुने हेडमास्तर म्हातारे होऊन लेकाकडे शेगावला गेले, आणि पाटलांनी चौदा वर्षं मराठी अन् इतिहास शिकवणाऱ्या जानरावांकडे बोट दाखवलं. झालं.

त्याआधी मास्तरांच्या खोलीत जानरावांचं राज्य होतं. अडकित्ता त्यांचा, सुपारीची डबी त्यांची, आणि गोष्टीही त्यांच्याच. कोणत्या मास्तराची सासू कशी बोलते, जुने हेडमास्तर धोतराचा सोगा धरून कसे चालतात, गणिताचे शेषराव फळ्याशी कसे पुटपुटतात, हे सगळं ते करून दाखवायचे. शेषराव तर स्वतःचीच नक्कल पाहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. हे शेषराव म्हणजे जानरावांचे खोलीभाऊ. एक खोली, एक स्टोव्ह, एक खाट, आणि खाटेवर झोपायची पाळी. जानरावांची बायको अन्नपूर्णाबाई मलकापूरकडे, म्हाताऱ्या सासऱ्याचा वांग्या-टमाट्यांचा मळा सांभाळून. ती बाई मळा सोडून येणार कशी? महिन्यातून एकदा जानरावच जाऊन यायचे, आणि येताना शेषरावांसाठी मळ्यातल्या मिरच्या आणायचे.

हेडमास्तरकी मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी पाटील खोलीच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, हे काय? हेडमास्तर न् मास्तर एका खोलीत झोपते का कुठी? लोक काय म्हनतीन मले?"

लोक काही म्हणणार नव्हते, पण पाटील म्हणाले म्हणजे लोकांनी म्हटल्यासारखंच. ग्रामपंचायतीच्या मागचं दोन खोल्यांचं घर जानरावांना मिळालं. दोन खोल्या, दोन खाटा, आणि माणूस एक. शाळेतही ऑफिसची जागा वेगळी. मास्तरांची खोली शेजारीच, मधे बांबूच्या तट्ट्याची भिंत. पहिल्या आठवड्यात जानराव सवयीने डबी घेऊन त्या खोलीत गेले, तर आठही जण आठवीच्या पोरांसारखे ताडकन उभे राहिले. शेषरावांनी विडी पायाखाली विझवली.

"बसा न बे! काऊन उठून राह्यले?" जानराव म्हणाले.

बसले सगळे. पण असे बसले की जानरावांनाच उभं राहावंसं वाटलं. सुपारी फिरली, प्रत्येकाने चिमूटभर घेतली, "आभारी आहे, सायब" म्हटलं. चौदा वर्षांत सुपारीसाठी कोणी आभार मानले नव्हते. उलट, "कंजूस, कातरली का पीठ केलं?" असं विचारायचे. जानराव परत आले. ते बाहेर पडले तसा तट्ट्यापलीकडे हशा उठला. कशावर, कोणास ठाऊक. बहुधा कशावरही नसेल. कोंडलेली वाफ असते ती.

आता माणसाला बोलायची सवय असली आणि बोलायला कोणी नसलं, की तो काय करतो? काही जण देवळात जातात, काही जण दुसऱ्यांच्या लग्नात लुडबुड करतात. जानरावांनी सूचना-वही धरली.

ही वही दर हायस्कुलात असते. शनिवारी हेडमास्तरांनी पुढच्या आठवड्याच्या सूचना द्यायच्या. कोणत्या वारी सभा, कोणती परीक्षा, कोणाचा तास कोणी घ्यायचा, आणि वर्गात शिकवताना कशावर भर द्यायचा. चपराशाने वही फिरवायची, प्रत्येक मास्तराने वाचून खाली सही करायची. जुन्या हेडमास्तरांच्या सूचना चार ओळींच्या असत. जानरावांच्या पहिल्या महिन्यात दहा ओळींच्या झाल्या, दुसऱ्या महिन्यात पान भरलं. ते शुक्रवारी संध्याकाळी घरी कच्च्या कागदावर लिहायचे, आणि शनिवारी सकाळी कारकून भगवानराव ते वळणदार अक्षरात वहीत उतरवायचे.

आणि लिहायचे तरी काय! "नववीच्या मागच्या दोन बाकांना या आठवड्यात रोज एक प्रश्न विचारावा; ते झोपत नाहीत, फक्त त्यांना कोणी हाक मारत नाही." "मराठीच्या निबंधात गाय, नदी आणि देशभक्ती पुरे. पोरांना आपल्या आजीच्या भांडणावर लिहायला लावावे." "इतिहासात सनावळ्या कमी, भानगडी जास्त सांगाव्यात. पोरे भानगडी विसरत नाहीत." हे सगळं मास्तरांच्या खोलीत बोलण्यासारखं. तिथे बोलता येत नव्हतं म्हणून वहीत. आणि शनिवारी अकरा वाजता सकाळची शाळा सुटली, की जानराव वही उघडून खालच्या आठ सह्या पाहायचे. शेषरावांची सही पाहताना जरा जास्त वेळ लागायचा. या सगळ्यातून त्यांना एकच हवं होतं: कोणीतरी एकाने तट्ट्याला वळसा घालून यावं आणि म्हणावं, "जानराव, पाचवा मुद्दा मस्त हाय, पन चूक हाय."

नोव्हेंबर आला. कोणी आलं नाही.

मग त्यांनी सापळा लावला. सातव्या मुद्द्याच्या पोटात लिहिलं, "जो शिक्षक या ओळीपर्यंत येईल, त्याने शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात चहाला यावे." शनिवारी मोतीराम चपराशाला हॉटेलात धाडून किटलीभर चहा आणवला. नऊ कपबशा मांडल्या. स्वतः खुर्ची जरा बाजूला सरकवून बसले, म्हणजे टेबल मधे यायला नको. घंटा झाली. शनिवार गावच्या बाजाराचा दिवस, आणि रविवारसाठी आपापल्या गावी जायला साडेअकराची एस.टी.; मास्तर पिशव्या घेऊन दारावरून निघून गेले. जाता जाता प्रत्येकाने आत बघून नमस्कार केला. उत्तमराव ड्रिल मास्तरांनी तर कपबशा पाहिल्या आणि बाहेर शेषरावांना हळूच विचारलं, "मंडळाची मीटिंग हाय का आज?"

वहीत आठ सह्या होत्या. चहा मोतीरामने प्यायला, तीन कप. उरलेला जानरावांनी.

पुढच्या आठवड्यात भगवानराव मेव्हण्याच्या लग्नाला गेले. कारकून नाही, तेव्हा शनिवारी सकाळी जानराव स्वतः वही घेऊन बसले. कोरं पान काढलं आणि टाक हातातच राहिला. पान वरून कोरं होतं. खाली, अगदी तळाशी, ओळीने आठ सह्या. प्रत्येकाने "वाचले" लिहिलेलं. तारीखही त्याच दिवसाची.

"मोतीराम!"

मोतीराम आला. पान पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"हे काय?"

"सह्या होय, सायब."

"दिसते मले. म्या अजून लिवलं कुठी?"

"शनिवारी बाजार राह्यते, सायब. मास्तर लोकायले गाडी पकडा लागते. म्हून म्या गुरुवारीच घेऊन ठेवतो. भगवानराव मंग वरतून लिवून टाकते." मोतीरामने टोपी परत डोक्यावर ठेवली. "पयले सह्या मधात करत. तुमचं लिवनं वाढलं, तशा खाली नेल्या. भगवानरावले जागा पुरे ना."

शेवटचे मुद्दे भगवानराव मुंग्यांसारखे बारीक का लिहितात, ते जानरावांना आत्ता कळलं. त्यांना वाटत होतं, कागदाची काटकसर.

"किती दिवसांपासून चालू हाय हे?"

"आता मले काय इचारता?" मोतीराम म्हणाला. "तुमीच तं शिकवलं मले. बारा वर्सं झाली. तुमीच म्हनलं, मोत्या, म्हातारा काय लिवते ते सारं ठावं हाय, गुरुवारीच सही घेत जा."

जानरावांना हसू फुटलं. इतकं की टाकाची शाई पानावर पडली. मोतीरामही हसला. मग हसू आवरत मोतीराम घंटा द्यायला गेला.

आता हा माणूस दुसरा कोणी असता तर त्याने आठ जणांना मेमो दिला असता. पाटील तर दिवाळीपासून मागे लागले होते, की मॅट्रिकच्या वर्गासाठी मास्तरांनी रोज पहाटे जादा तास घ्यावा, तशी लेखी कबुली आणून द्या. कबुलीला आठ सह्या इथे तयार होत्या, फक्त वर दोन ओळी लिहायच्या. जानरावांच्या मनात ते आलंही. पण त्याहून मोठा एक विचार आला, जुन्या खोलीतला. आता वहीच्या या बाजूने पहिली थट्टा करायची. ते आठ जण शिव्या देतील, पाठीत धपाटे घालतील, आणि आपली जागा आपल्याला परत मिळेल.

त्यांनी झोकात लिहिलं:

"पुढील आठवड्यात वर्गात भर द्यायच्या गोष्टी. एक, सोमवारी ड्रिल मास्तर उत्तमराव अकरावीस बीजगणित शिकवतील. दोन, शेषराव आठवीची कवायत घेतील, शिट्टीसह. तीन, बाकीच्यांनी जो विषय अजिबात येत नाही तो शिकवावा. चार, हेडमास्तर दिवसभर शिक्षकांच्या खोलीत सुपारी कातरत बसतील. त्यांना पाहून जो उठेल त्याला दंड म्हणून हेडमास्तर केले जाईल. वरील सर्व मान्य असल्याबद्दल खालील सह्या."

सोमवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर वही बगलेत मारून ते मास्तरांच्या खोलीत शिरले. सगळे उठले. जानरावांनी वही उघडली, घसा साफ केला, आणि जुन्या हेडमास्तरांच्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. मग पान फिरवून त्यांच्यापुढे धरलं. आपापली सही ज्याने त्याने पाहिली.

कोणी हसलं नाही.

शेषराव पुढे आले. 

"चूक झाली, सायब. पुन्हा होनार नाही."

"अबे शेष्या, गंमत केली न म्या!"

"हाव, सायब." शेषराव म्हणाले. "पन चूक झालीच. आमी लेखी माफी देतो."

"नको रे बाबा माफी!"

"मंग मेमो निंगन का?" मागून कोणीतरी विचारलं.

जानरावांनी हात जोडले, काही नाही निघणार म्हणाले, आणि ऑफिसात येऊन बसले. थोड्या वेळाने मैदानातून शिट्टी ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर शेषराव, कोट घातलेले, आठवीच्या पोरांना "एक-दोन, एक-दोन" करत होते, आणि डावा-उजवा पाय चुकत होता. तिकडे अकरावीच्या वर्गात उत्तमराव फळ्यावर अ अधिक ब लिहून घाम पुसत उभे. जानराव मैदानात धावत गेले, शिट्टी हातातून घेतली, "बस झालं, जा वर्गावर" म्हणाले. पोरं टकामका पाहत राहिली. हेडमास्तरांनी शेषराव मास्तरांची शिट्टी हिसकावून घेतली, ही बातमी दुपारपर्यंत पाटलांच्या ओसरीवर पोचली होती. पाटलांनी निरोप धाडला, "शाबास. जरब पायजेच."

त्यानंतर वही वाचली जाऊ लागली. खरोखर वाचली जाऊ लागली. शनिवारी मोतीराम वही घेऊन वर्गाच्या दारात जाई, आणि मास्तर खडू ठेवून, चष्मा लावून, ओठ हलवत दोनदा वाचत. एस.टी. चुकली तरी चालेल. सहीखाली तारीख आणि वेळ. जानराव ऑफिसच्या दारातून ते पाहायचे. पाच महिने ज्याची वाट पाहिली, ते हेच होतं. त्यांनी पुन्हा मन लावून मुद्दे लिहिले. त्यांत एक साधा होता: "फळ्यावर उदाहरण सोडवताना मुलांकडे पाठ करून पुटपुटू नये, मोठ्याने बोलावे."

सोमवारी मधल्या सुट्टीत शेषराव तट्ट्याला वळसा घालून ऑफिसात आले. आपणहून. जानराव खुर्चीतून अर्धे उठले.

"ये, बस."

"उभाच बरा हाय, सायब. मुद्दा तीन." शेषरावांनी खिशातून कागद काढला, मुद्दा उतरवून आणला होता. "हा मले उद्देशून हाय का?"

"नाही रे. सगळ्यायसाठी हाय."

"असन तं सांगा, सायब. मी सुधारणा करतो. पन खोलीत सारे म्हनून राह्यले, हा शेषरावाचाच मुद्दा हाय."

"चौदा वर्सं तुही नक्कल केली म्या, तवा तं हसत होता तू."

शेषरावांनी कागदाची घडी घातली. "तवाची गोस्ट येगळी होती, सायब," ते म्हणाले. "मुद्दा सगळ्यायसाठी हाय, तसं वहीत लिवून देता का? म्हंजे बरं होईन."

 मिरच्या कशा चालल्यायत, खाट अजून कुरकुरते का, असं काहीतरी विचारावं असं जानरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी टाक उचलला.

त्या शनिवारी सूचना एकच होती. "मागील आठवड्यातील मुद्दा क्रमांक तीन कोणाही एका शिक्षकास उद्देशून नव्हता."

"पान उरलं, सायब," भगवानराव म्हणाले. "अजून काही लिहायचं?"

"नाही."

मोतीरामने वही फिरवली आणि अकरा वाजता आणून टेबलावर ठेवली. आठ सह्या होत्या. पहिली शेषरावांची, "वाचले, समाधान झाले" अशी.