सासूबाईंची चाल

आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलं होतं. अशा गारठ्यात मावशींचा डावा गुडघा आधी जागा व्हायचा, मग मावशी. पिंजऱ्यांच्या फरशा पाइपाने धुऊन, खराट्याने पाणी गटारात लोटून त्यांनी केळ्यांची बादली उचलली.

माणूस म्हातारा कसा होतो, हे इथल्या प्रयोगशाळेतले डॉक्टर माकडांवरून शोधत होते. जाळीपलीकडची सगळ्यांत थोरली माकडीण म्हणजे सासूबाई. नाव मावशींनीच ठेवलेलं. दिलेल्या प्रत्येक केळ्याला आधी नाक मुरडायची म्हणून. मावशी बादली घेऊन निघाल्या, की जाळीच्या कडेकडेने तीही निघायची आणि वरचा कॅमेरा तिची चाल टिपायचा.

हल्ली ती चाल मंदावली होती. डॉक्टर खुशीत होते. इतकी वर्षं वाट पाहायला लावून म्हातारपण एकदाचं दारात आलं होतं. आता सासूबाईला पलीकडच्या खोलीत हलवायचं, रोज नव्या औषधाची सुई टोचायची, आणि चाल सुधारते का ते बघायचं.

मावशींनी मात्र गुडघ्याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. लागला, तर बादली हातातून गेलीच म्हणून समजा. घरी सून म्हणायची, "त्या माकडिणीला दर महिन्याला डॉक्टर बघतो. तुम्हीपण शेपूट लावून जा एकदा."

काल गुडघ्याने उठूच दिलं नाही. मावशींनी पोट बिघडल्याचा निरोप धाडला, आणि बादली शिपायाने फिरवली.

आज डॉक्टरांनी कालचं आणि आजचं चित्रण मावशींसमोर लावलं. "शिपायाबरोबर कशी पळतेय बघा. तुमच्याबरोबर रखडते. काल अंगात आलं होतं की काय तिच्या?"

मावशींनी पाहिलं. पडद्याच्या कडेला एक बादली एका अंगाला झुकत, थांबत थांबत चालली होती. गप्प राहावं तर गुडघा झाकलेला राहणार, पण सुई सासूबाईच्या दंडात जाणार.

"ती नाही रखडत," मावशी म्हणाल्या. "बादली रखडते. गुडघा गेलाय माझा. केळं जाईल तिथं ती जाणार."

डॉक्टरांनी चित्रण मागे नेऊन पुन्हा लावलं. "म्हणजे इतके महिने आम्ही तुमचं म्हातारपण मोजतोय?"

"फुकटात," मावशी म्हणाल्या.

सुई टळली, पण मावशींची बादलीची फेरीही गेली. त्यांच्या वाट्याला स्टूल आलं आणि चिरायच्या काकड्यांची पाटी.

दुसऱ्या दिवशी शिपाई बादली घेऊन निघाला. सासूबाई टणाटण उड्या मारत स्टुलासमोरून गेली. वळून बघणं दूरच.

"मावशी, ओळख विसरली वाटतं," शिपाई म्हणाला.

"उगाच ठेवलंय होय ते नाव?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची काकडी चिरायला घेतली.