पलंगाखालचा शाफ्ट

अगं, अशी जवळ बस. आल्या आल्या घड्याळ काय बघतेस? तुझे काका गेले त्याच वर्षी, शहाण्णव साली, मी त्यांची जुनी जीप मोडीत काढायला निघाले होते, ते ऐक.

किंमत करायला कोल्हारचा एक मिस्त्री आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. कानामागे बिडी, पण एकदाही पेटवली नाही. गाडीखाली झोपून, डोळे मिटून, नुसतं चाचपत बोलत होता, "ह्यो गिअरबॉक्स. ही चारी चाकांना ताकद वाटनारी पेटी..." मग थबकला. "काकू, पुढच्या चाकांना ताकद नेनारा दांडा, शाफ्ट कुठंय?"

"पलंगाखाली एक दांडा आहे. तोही ने मोडीत!"

त्यानं गोणपाट सोडलं. आत ग्रीस चोपडलेला शाफ्ट, आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत आठ बोल्ट, मोजून.

"डिझेल वाचवाया समदेच काढत्यात," तो म्हणाला, "पन असं जपून कोन ठेवतं? चढाला चारी चाकं वढाया लागत्यात. काकांना घाट चढायचा हुता."

मला रडूच फुटलं. घाट चढून भंडारदऱ्याला नेतो, असं ते दरवर्षी म्हणायचे. मी ते नुसतं बोलणं समजत होते.

मिस्त्रीनं शाफ्ट बसवून दिला. जाताना म्हणाला, "म्हैन्यातून एकदा गिअरशेजारची छोटी दांडी ओढून चारी चाकांवर चालवा, न्हाईतर जाम व्हईल."

तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या शब्दाखातर मी जीप चालवायला शिकले. घाट मात्र राहिलाच. आता ती दांडी मला एकटीला ओढवत नाही गं. पुन्हा लवकर ये, घड्याळ घरी ठेवून.