दारूचं नाव सोडून काहीही लिहा!

पेंटरच्या दुकानात बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बोर्ड रंगवून घ्यायला येणारा प्रत्येक जण काय लिहायचं हे कमी सांगतो आणि का लिहायचं हेच जास्त. ब्रश चालू असतो, कान मोकळे असतात. महाडात मी आणि दत्तूदादा मिळून वीसेक वर्षं दुकान चालवलं. चित्रं त्याची, अक्षरं माझी. पुढे फ्लेक्स आलं आणि आमचे ब्रश वाळले, पण किस्से काही वाळले नाहीत. त्यातही मैदानांवरच्या दारूच्या जाहिरातींचे किस्से म्हणजे स्वतंत्र गठ्ठाच!

त्याचं कारण साधं होतं. महाड-पोलादपुरात थंडी सरली की कबड्डीच्या स्पर्धा, मग क्रिकेटच्या, मग गावोगावच्या जत्रा. या सगळ्याला बक्षिसं देणारे हौशी लोक म्हणजे बरेचदा परमिट रूमवाले. आणि नियम असा, की खेळाच्या मैदानात किंवा नाटकाच्या मांडवात दारूची जाहिरात करायची नाही. तेव्हा दारूबंदी खात्यात इनामदारसाहेब होते. शांत माणूस. कधी आवाज चढवला नाही. आमच्या दुकानात येऊन चहा घ्यायचे आणि जाताना एकच वाक्य बोलायचे, "दारूचं नाव सोडून काहीही लिहा!"

---

पहिला किस्सा अण्णाशेठचा. यांची परमिट रूम पोलादपूरला हायवेवर. कबड्डीच्या स्पर्धेला बॅनर लावायची त्यांची फार इच्छा. साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं, बारचं नाव नको, बाटली नको, ग्लास नको.

"मग माझ्याकडं उरलं काय?" अण्णाशेठ म्हणाले.

दत्तूदादा म्हणाला, "पाणी मिळतं ना तुमच्याकडं?"

झालं! मी बॅनर लिहिला: 'उन्हातून आलात? थंडगार पाणी! अण्णाशेठ, हायवे, पोलादपूर.' अक्षरं अशी काही जमली होती की वाचूनच तहान लागावी. साहेबांनी बघितला, मान हलवली, गेले.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एका शाळेचा मुलींचा संघ सामना संपवून निघाला. सोबत त्यांच्या बाई. त्यांनी बॅनर वाचला आणि पंधरा मुली घेऊन सरळ अण्णाशेठकडे पोचल्या! मुली टेबलांवर रांगेत बसल्या. बाईंनी आत नजर फिरवली. कोपऱ्यातल्या टेबलावरचे दोघे त्यांचे जुने विद्यार्थी निघाले, आणि तिसरे शाळेच्या कमिटीवरचे.

संध्याकाळी अण्णाशेठ दुकानात आले. खुर्चीत बसले.

"काय झालं अण्णा? जाहिरात चालली नाय का?"

"चालली ना! पाणी संपलं, आणि गिऱ्हाईकं मागल्या दारानं गेली!"

---

पुढच्या वर्षी अण्णाशेठनी बॅनर नको म्हणून सांगितलं. फक्त ढाल द्यायची आणि माईकवरून नाव घ्यायचं.

माईकवर दळवी गुरुजी. गुरुजी प्राथमिक शिक्षक, चहाही न घेणारे, आणि कबड्डीचं समालोचन मात्र असं करायचे की म्हातारी माणसं उभी राहायची. सामन्याआधी साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, देणाऱ्याचं नाव घ्या, धंद्याचा उल्लेख नको."

गुरुजी पडले सत्यवचनी. अर्धवट बोललेलं त्यांच्या मनाला पटेना. अंतिम सामन्याला त्यांनी माईक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आजची ढाल सन्माननीय अण्णाशेठ यांजकडून! त्यांचा व्यवसाय आपणा सर्वांना ठाऊक आहेच, पण तो सांगण्यास मला मनाई आहे!"

सगळं मैदान हसायला लागलं. पाच मिनिटं सामना सुरू होईना. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "गुरुजी, त्यापेक्षा बोर्ड लावला असता तर बरं झालं असतं!"

---

मग मोठ्या कंपन्या शहाण्या झाल्या. दारूचं नाव चालत नाही ना? मग त्याच नावाचा सोडा! मुंबईहून टाय लावलेला एक रिप्रेझेंटेटिव्ह आला. हातात डिझाइन. नाव तेच, रंग तेच, अक्षरांचं वळण तेच, फक्त खाली बारीक अक्षरात 'सोडा'. इतकं बारीक की मला त्याच्यासाठी वेगळा ब्रश घ्यावा लागला.

क्रिकेटच्या मैदानावर बोर्ड उभा राहिला. साहेब आले. बोर्डासमोर उभे राहून त्यांनी तो सावकाश वाचला.

"हे काय?"

"सर, सोडा आहे!"

"मिळतो?"

"एव्हरीव्हेअर, सर!"

"मग एक बाटली आणून दाखवा. बोर्ड राहू दे तोपर्यंत."

तो बिचारा स्कूटर घेऊन निघाला. महाडचा बाजार पालथा घातला, एसटी स्टँडवरच्या टपऱ्या झाल्या, बिरवाडी झाली, पोलादपूर झालं. एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्याला समजुतीनं सांगितलं म्हणे, "बाबा, ह्या नावाचा सोडा आमच्याकडं कधी आला नाय. ह्या नावाचं दुसरं हाय, पन ते पलीकडल्या दुकानात."

चार वाजता तो परत आला. टाय खिशात, केसात धूळ. हातात एक बाटली. गोटी सोडा! आपल्या बाजारातला, हिरव्या काचेचा.

साहेबांनी अंगठ्यानं गोटी दाबली, शांतपणे बाटली रिकामी केली आणि मला म्हणाले, "पेंटर, तो बोर्ड पुसा आणि ह्याची जाहिरात लिहा. हा मिळतो!"

---

नाटकवाल्यांचा प्रकार निराळाच. शिवथरकडच्या एका वाडीत जत्रेला दरवर्षी गावातली मुलं नाटक करायची. त्या वर्षीच्या नाटकात नायकाचं लग्न मोडतं आणि तो बाटली तोंडाला लावून दोन पानांचं स्वगत म्हणतो. बाटली खरी आणलेली, अर्थात रिकामी. आत कोरा चहा. पण वरचं लेबल खरं. कोणीतरी शंका काढली की ही पण जाहिरातच झाली. कमिटीनं बाटली दत्तूदादाकडे पाठवली, लेबल झाकून द्या म्हणून.

दत्तूदादानं पांढरा रंग मारला. मग त्याला ते कोरं लेबल बघवेना. कोरी जागा दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. त्यानं लाल अक्षरात, शेवटच्या रांगेतून वाचता येईल असं ठळक लिहिलं: 'खोकल्याचे औषध'.

नायकाचं काम सदूकडे होतं. त्यानं बाटलीकडे न बघताच ती उचलली आणि स्वगत सुरू केलं. एक घोट, एक वाक्य. एक घोट, एक वाक्य. माणसं आधी चुळबुळली, मग खुसफुसली. सदूला वाटलं रंगतंय! त्यानं आणखी मोठे घोट घ्यायला सुरुवात केली.

पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारणीला विचारलं, "काय लिवलंय गो त्याच्यावर?" शेजारणीनं सांगितलं. आई ताडकन उभी राहिली.

"अरे सदू! चमचाभर घे रे! आख्खी बाटली कशाला?"

---

कुडपणकडचा एक संघ होता. डोंगरावरची पोरं, पाय लोखंडासारखे. मुंबईच्या चाकरमान्यांनी त्यांना टी-शर्ट पाठवले होते, एकदम नवे कोरे. छातीवर मात्र बिअरच्या कंपनीचं नाव, हे भलं मोठं! पोरं तेच घालून पोलादपूरच्या मैदानात उतरली.

साहेब कर्णधाराला म्हणाले, "बाळ, हे चालणार नाही."

"साहेब, दुसरं नाय ओ आमच्याकडं."

कमिटी म्हणाली, उघड्या अंगानं खेळता येणार नाही. पहाटे निघून डोंगर उतरून आलेली पोरं, खाली मान घालून उभी राहिली. दत्तूदादा रंग लावायला तयार होता, पण ओल्या रंगानं कबड्डी कशी खेळणार? मग त्यानं आम्हीच आदल्या दिवशी रंगवलेला 'हार्दिक स्वागत!' हा कापडी बॅनर उतरवला आणि कात्री लावली. मैदानासमोरच्या शिंप्यानं अर्ध्या तासात प्रत्येकाच्या छातीवर एकेक तुकडा शिवून दिला. हा, र्दि, क, स्वा, ग, त. सहा जणांना सहा अक्षरं. सातवा तुकडा उरला तो नुसत्या उद्गारचिन्हाचा. तो आला सगळ्यात बुटक्या पोराच्या वाट्याला, आणि नेमका तोच त्यांचा मुख्य चढाईपटू!

दळवी गुरुजींच्या यादीत या पोरांची नावंच नव्हती. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आणि आता चढाईला येत आहेत... उद्गारचिन्ह!"

एका चढाईत तीन गडी मारून आला तो! सामना जिंकले. गावात अजून त्याला 'उद्गार' म्हणूनच हाक मारतात.

---

आता शेवटचा.

पोलादपूरजवळच्या एका गावात कबड्डीच्या मैदानाला लागून एक घर होतं. पार्वतीवहिनींचं. घराची एक लांब भिंत बरोबर मैदानाकडे. एका कंपनीचा एजंट आम्हाला घेऊन तिथे गेला. त्याचं म्हणणं, मैदानात बोर्ड चालत नाही, पण भिंत मैदानाबाहेर आहे, घर खासगी आहे. भिंतीवर लिहायला कोण अडवतं?

पार्वतीवहिनींचे मालक गणपत. मी त्याला खेळताना बघितलं होतं. त्याच मैदानात. चढाईला गेला की समोरचे सात जण मागे सरायचे. दत्तूदादाचा तर तो दोस्तच. पुढे बाटलीच्या नादी लागला. आधी खेळ सुटला, मग शेती, आणि चाळिशीच्या आत तोच गेला. पंचक्रोशीला माहीत होतं. एजंटाला माहीत नव्हतं.

एजंट गोड बोलला. सगळ्या घराला चुना काढून देतो म्हणाला. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं. काढा चुना."

दोन दिवसांनी आम्ही शिडी आणि रंग घेऊन गेलो. भिंत नुसती झळकत होती. एजंटानं डिझाइन उघडलं.

वहिनी बाहेर आल्या. म्हणाल्या, "लिवा. पन आदी वरती आमच्या मालकांचं नाव लिवा. मोटं लिवा."

"हो हो, का नाही!" एजंट खूश. "घरमालकाचं नाव पाहिजेच!"

अक्षरं माझ्याकडे असायची. पण त्या दिवशी दत्तूदादानं माझ्या हातातला ब्रश घेतला आणि स्वतः शिडीवर चढला. 'कै. गणपत' लिहायला त्यानं दुपार घालवली. हातभर उंचीची अक्षरं, काळा रंग, कडा अगदी साफ. मैदानात सराव करणारी पोरं खेळ थांबवून बघत उभी राहिली.

दत्तूदादा उतरला. ब्रश पुसला.

एजंट पुढे झाला. "छान! आता खाली आमचं नाव."

पार्वतीवहिनींनी भिंतीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"तुमचं आनखी कशाला? ह्ये वाचलं की कळतंय सगळ्यांना."