वाडीवर हिरवा रंग

"कातकरी आहेस ना तू? मग शिर आत. उंदीर धर."

साहेब असं म्हणाले. भर ऑफिसात, सगळ्या स्टाफसमोर.

नव्वदीची वर्षं होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, या पट्ट्यातल्या एका नगरपालिकेत मी ट्रेसर होतो. कुठल्या ते सांगत नाही. ट्रेसर म्हणजे मोठ्या नकाशावर पारदर्शक कागद टाकायचा आणि शाईच्या पेनानं रेघ न रेघ उतरवून काढायची. आश्रमशाळेत शिकलो, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, राखीव जागेवर लागलो. राखीव जागा. हे दोन शब्द मला त्या ऑफिसात माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकवले गेले.

त्या वर्षी नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. त्यासाठी वेगळी खोली केली. एसी, गालिचा, दाराशी चपला काढायच्या. पहिल्या दिवशी हार घालून नारळ फोडला. मला त्या खोलीत पाय ठेवायची मनाई होती. "तुझ्या अंगाला अमोनियाचा वास मारतो," हेड ड्राफ्ट्समन म्हणायचे. नकाशांच्या प्रती काढायला अमोनिया लागतो, आणि त्या प्रती मला काढायला लावायचे तेच.

मग एक दिवस मशीन बंद पडलं. उंदरांनी वायर कुरतडली होती. तेव्हा मला आत बोलावलं. मनाई एका मिनिटात उठली.

मी गुडघ्यावर बसलो, टेबलाखाली शिरलो. वर सगळे गोल करून उभे. चहाचे कप हातात. कोणी तरी म्हणालं, "हळू, तिथंच खाऊन टाकू नको." उंदीर कोपऱ्यात दबला होता. धरला, तर कडकडून चावला. मी तो शेपटीला धरून बाहेर आलो. बोटातून रक्त गालिच्यावर ठिबकलं, तर साहेब आधी गालिच्याकडे बघून ओरडले. मग हसले.

"घरी घेऊन जा. रात्रीच्या कालवणाची सोय झाली."

काय हसले सगळे. एकाला हसता हसता ठसका लागला.

आमच्या माणसांनी खाल्लेत उंदीर. शेतातले, मालकाचं भात खाऊन माजलेले. भूक होती म्हणून खाल्लेत. त्याची मला लाज नाही, तेव्हाही नव्हती. उंदीर बाहेर टाकला. हात धुतले. परत आलो ते सांडलेलं रक्त पुसायला. फडकं हातात देऊन त्यांनीच बोलावलं होतं.

तोवर वायर जोडून मशीन सुरू झालं होतं. ऑपरेटर म्हणून उल्हासनगरची एक सिंधी मुलगी यायची, कंत्राटावर. मोठ्या फळीवर नकाशा चिकटवायचा आणि हातातलं यंत्र रेघेवरून फिरवत बटण दाबत जायचं, तशी रेघ पडद्यावर उमटते. ती एकटीच हसली नव्हती.

"दादा, खून बंद नहीं हो रहा. पट्टी लगा लो," ती म्हणाली.

मी वर बघितलं. तिच्याकडे नाही, पडद्याकडे. नदीचं वळण ओळखीचं होतं. पलीकडे डोंगर. मधे आमची वाडी.

वाडी नव्हती तिथं. हिरवा रंग होता.

"हे काय आहे?"

"ये? गार्डन है," ती म्हणाली. "रिझर्वेशन."

म्हणजे ती जागा बगिच्यासाठी राखून ठेवली होती. तो विकास आराखड्याचा नकाशा होता. गावात पुढं कुठं घरं, कुठं रस्ता, कुठं शाळा, हे त्यावरून ठरतं. आहे ती वस्ती आधी पिवळी दाखवायची, मग बाकीचं आखायचं, अशी कामाची रीत. जिथं पिवळं नाही तिथं माणूस नाही. उद्या तिथं बुलडोझर फिरला तरी काही तोडलं असं होत नाही. माझी बय, म्हणजे माझी आई, त्या हिरव्या रंगाच्या खाली राहत होती.

मी फडकं हातात धरूनच साहेबांना म्हणालो, "साहेब, इथं वाडी आहे. आमची."

"सर्व्हेला माणसं गेली तेव्हा कोणी नव्हतं तिथं."

कसं असेल? सर्व्हे उन्हाळ्यात. दिवाळीनंतर आमची वाडीच्या वाडी वीटभट्टीवर जाते, कोणी वांगणीकडं, कोणी सोनिवलीच्या पलीकडं. म्हातारी, पोरं, कोंबड्या, सगळे. पहिला पाऊस पडायच्या आत परत. जाताना दारात काट्याची फांदी लावायची. ती फांदी दिसली की आमच्यातला कोणीही ओळखतो, घरचे भट्टीवर आहेत, येतील. सर्व्हेवाल्यांनी ती बघितली आणि लिहिलं, पडीक.

हे मी सांगितलं. नीट, हळू आवाजात. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांना मजा वाटत होती.

"चार कुडाच्या भिंती, त्याला घर म्हणतोस? झाडावर माकडं राहतात. आम्ही झाड दाखवतो नकाशात. माकडं दाखवत नाही."

परत हसले सगळे. मी गालिचा पुसायला वाकलो. ते वाकणं मला आजही आठवतं, पाठीच्या कण्यासकट.

त्या रविवारी वाडीवर गेलो. एरवी मी मोरिवलीत खोली घेऊन राहायचो. बय अंगणात सारवत होती. तिला सांगितलं.

"आमी भट्टीवर गेलो म्हंजे आमचं घर नाय?" ती म्हणाली. "तुझा सायेब गावाला जातो, तवा त्याचं घर ऱ्हातं ना?"

मग म्हणाली, "तू तितं कामाला हायस ना? तुज्या हातानं काढ की आमाला."

तिला वाटत होतं, पोरगा नगरपालिकेत आहे, म्हणजे वाडीचं कोणी वाकडं करणार नाही. सगळ्या वाडीला तसंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. कॉम्प्युटरमधून निघालेला नकाशा मूळ नकाशाशी ताडून बघायचा आणि कोपऱ्यात ट्रेसरनं सही करायची, "तपासले" म्हणून. नकाशा टेबलावर पसरलेला. पेन उघडून ठेवलेलं.

"कर सही."

"नाही करणार."

"काय?"

"खोटं आहे ते. तिथं माझी आई राहते."

साहेब खुर्चीत मागं रेलले. आवाज चढवला नाही त्यांनी. "तुझं जातीचं सर्टिफिकेट परत तपासायला पाठवू? वर्षानुवर्षं अडकतं ते. उपकार म्हणून ठेवलाय तुला. तुमच्यातला एक तरी माणसात आणावा म्हणून."

माणसात आणावा. माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं मी याच शब्दांना मान डोलवत होतो. साहेबांनी सांगितलं म्हणून केस तेल लावून चापून बसवायचो, वाडीची भाषा तोंडात येऊ देत नव्हतो, डबा कोपऱ्यात बसून खात होतो. आणि मला माणसात आणणाऱ्यांनी माझी सगळी माणसं पुसून टाकली होती.

मी पेनाचं टोपण लावलं. म्हणालो, "पाठवा सर्टिफिकेट." आणि बाहेर आलो.

सही हेड ड्राफ्ट्समननी केली. त्यांचा हात अडला नाही. माझी बदली कोंडवाड्यावर झाली, मोकाट गुरं कोंडतात तिथं. "जनावरांत बरा," असं साहेब म्हणाल्याचं शिपायानं मला मुद्दाम येऊन सांगितलं. आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा वाडीची हरकत मी लिहिली, सगळ्यांचे अंगठे घेतले. सुनावणीला बयला घेऊन गेलो. साहेबांनी तिच्यापुढं नकाशा सरकवला. "दाखव तुझं घर." ती त्या हिरव्या रंगाकडं बघत राहिली. "दाखवता येत नाही, आणि घर म्हणे," ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. हरकत फेटाळली.

आराखडा वरून मंजूर होऊन आला नव्हता, तरी बगिच्याच्या हद्दीच्या खुंट्या घेऊन जीप आली. वाडी भट्टीवर. ते बघूनच आले होते. बय तेवढी आजारी म्हणून मागं राहिली होती. तिनं शेजारच्या गावातल्या माणसाकरवी निरोप धाडला. मी कोंडवाडा टाकून पळालो.

पोचलो तेव्हा एक खुंटी तिच्या अंगणात होती, चुलीला लागून. बय भिंतीला टेकून बसली होती. मुकादम तिला म्हणत होता, "ए म्हातारे, सरक." साहेब जीपच्या सावलीत उभे.

मी खुंटी धरली. खोल ठोकली होती. हलवून हलवून उपटली आणि साहेबांच्या पायाशी टाकली.

"सरकारी कामात अडथळा आहे हा," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"उद्या पोलीस घेऊन येतो."

"या. मी इथंच आहे."

नोकरी गेली. सरकारी कामात अडथळ्याची केस इतकी वर्षं झाली तरी चालू आहे, तारखा पडतायत. वाडी या वर्षीही भट्टीवर गेली, पोट कोणाला थांबतं? मी गेलो नाही. ज्यांच्या दारात काटे आहेत त्यांच्या अंगणात मी रोज संध्याकाळी चूल पेटवतो. एकेका घराचा धूर वर गेला पाहिजे, रस्त्यावरून दिसला पाहिजे. इथं माणसं राहतात हे मी आता कुणाला सांगायला जाणार नाही, कुणापुढं हात जोडणार नाही. खुंट्या परत ठोकल्या, मी परत उपटल्या. पुन्हा ठोकतील. मी उपटणार.