बाळाचं काहीच नाही, दुधाचं सगळं

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी साधं टोपडंसुद्धा घ्यायचं नाही, असा माझ्या आईचा कडक कायदा. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मात्र वाटेल तेवढी तयारी करायला मुभा. सातव्या महिन्यात मी माहेरी, मेडशीला आले तेव्हा गोडंबी, खारीक, डिंक, मेथ्या आणि अळीव यांनी स्वयंपाकघरात असा ठिय्या दिला होता की चहाचा डबा सापडेना. लाडू तर एका बाळंतिणीचे नव्हे, अख्ख्या गल्लीचे वाटत होते.

मीही काही कमी नव्हते. दूध टिपायच्या पॅडची चार पाकिटं आणि दूध काढायचा छोटा पंप मोबाइलवरून मागवून गाद्यांच्या घडीत लपवला होता. आईने तो पहिल्याच दिवशी शोधून काढला. "हे कायले?" तिने विचारलं. मी समजावलं. "म्हंजे म्हशीवानी?" म्हणत ती इतकी हसली की तिला पाटावर बसावं लागलं. पण सामान बाळाचं नव्हे, माझं होतं. त्यामुळे तेही कायद्यात बसलं.

अडलं एकाच ठिकाणी. आईने मधाची बाटलीही आणून ठेवली होती. बाळाला आधी मधाचं बोट, मग तीन दिवस गाईचं दूध, आणि माझं पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं, असा तिचा बेत. "ते जड रायते, लेकराले पचत नाई." गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी मला नेमकं उलटं सांगितलं होतं आणि ते मला पटलंही होतं. पण आईशी वाद घालणं मला आजवर जमलेलं नाही. मी "बघू" म्हटलं आणि लाडू खाल्ला.

बाबा या चर्चेत कुठेच नव्हते. असला विषय निघाला की ते गोठ्याकडे सटकायचे. तिथे मात्र त्यांचं राज्य. गाय व्याली की खरवसासाठी चीक, म्हणजे तिचं पहिलं दूध, मागायला शेजारच्या बाया गंज-पातेली घेऊन यायच्या आणि बाबा आडवे यायचे. "वासराचं पोट भरू द्या, मंग पाहू." एकदा तर आईलाच त्यांनी रिकाम्या हातानं परत पाठवलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

दवाखान्यात मला मुलगी झाली. "लगेच पाजा" असं सांगून नर्सबाई दुसऱ्या बाईकडे गेल्या आणि आईने मधाच्या बाटलीचं झाकण उघडलं. आता बोलायला हवं, हे मला कळत होतं. पण मी नुसती त्या झाकणाकडे बघत राहिले. भयंकर राग आला, आईचा नव्हे, माझाच.

बाबा दारात आमच्याकडे पाठ करून उभे होते. समोरच्या भिंतीला सांगावं तसे म्हणाले, "वासराचा चीक म्या कोनाले घेऊ देल्ला नाई. मंग नातीचा काहून फेकून राह्यली?"

"तिले वासरात मोजता का?" आई तडकली. पण तिचं बोट बाटलीत गेलं नाही.

मी घाईघाईने लेकीला छातीशी घेतलं. दोनदा तिचं तोंड निसटलं. तिसऱ्यांदा तिने पकडलं ते सोडेचना. आई बघत राहिली, मग पलंगाच्या कडेला बसली.

"तुह्या वक्ती म्या सारं वाटीत पिळून फेकलं," ती म्हणाली. "मले कोनं सांगतलंच नाई."

बाबा वळले नाहीत. "मले मालूम होतं," ते म्हणाले. "बोलाची लाज वाटली."