मला काय, एसएक्स चालेल

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही घरात पहिला कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा दुबईतल्या अल मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक पुरुषाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळत होतं. चौथ्या मजल्यावरचे अकाउंटंट सांगायचे की रॅम बघा, बाकी सगळी जाहिरातबाजी. त्यांच्या समोरच्यांचा हार्ड डिस्कवर भर. एवढी मोठी डिस्क घ्या की सात जन्मांत भरणार नाही, असं ते म्हणायचे. ती डिस्क पुढे दीड वर्षात भरली, पण तोवर ते मस्कतला बदलून गेले होते.

माझा नवरा (समोर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना एकेरीवर येते, त्याने चालवून घेतलंय) जबल अलीला एका कंपनीचं गोदाम सांभाळायचा. त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न वेगळाच होता. मॉनिटरचा खोका केवढा? विमानात लगेज म्हणून जाईल का?

हा प्रश्न आखातात राहिलेल्या कुणालाही विचित्र वाटणार नाही. आम्ही सगळंच भारतासाठी घ्यायचो. मिक्सर घेतला तो पुण्याच्या ओट्यावर मावेल असा. पडदे शिवले ते पुण्याच्या फ्लॅटच्या खिडक्यांच्या मापाने, आणि तोवर इथे लावले. इथल्या खिडक्यांना ते वीतभर आखूड पडायचे. पाहुणे बघायचे, पण त्यांच्याही घरी तेच असल्यामुळे कुणी काही बोलायचं नाही. व्हिसा संपत आला की "हा शेवटचा" असं म्हणून तो वाढवायचा, ही आमची रीत.

आणि हे "शेवटचा" घरात सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणायचं? मी. नवऱ्याला दुबई मानवली होती. मला मानवली नव्हती, निदान तसं मी जाहीर केलं होतं. सुट्टीवरून परत आलं की पहिले पंधरा दिवस मी स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्त आवाज करत ठेवायची. मग तो म्हणायचा, "एवढा एक व्हिसा होऊ दे, मग जाऊच." आणि मी म्हणायची, "मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात." हा संवाद आम्हाला इतका पाठ झाला होता की आमची मुलगी, तेव्हा नऊ-दहा वर्षांची, जेवता जेवता "हिअर वी गो" म्हणून आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जायची.

आता मुद्द्याचं. लग्नाआधी मी पुण्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी कोर्सचं नाव तेच होतं. ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढायचे आणि रेघ चुकली तर दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडून काढायची. कागद न फाटता चूक काढण्यात माझा हात चांगला होता, असं आमचे साहेब म्हणायचे. दुबईला आल्यावर ते सगळं सुटलं. आपण दोन वर्षांत परत जाणार, मग इथे नोकरी कशाला शोधायची, असा माझाच हिशेब होता.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईची एक बाई राहायची. एका इंजिनिअरिंग कन्सल्टंटकडे सेक्रेटरी होती. रविवारी चर्चला जाता यावं म्हणून ऑफिसची वेळ बदलून घेतलेली, आणि बॉसला हबीबी म्हणून कामाला लावणारी. तिला माझ्या जुन्या कामाबद्दल कसं कळलं आठवत नाही. मीच कधी चहावर फुशारकी मारली असेल. एक दिवस ती दारातच म्हणाली, "आमच्याकडचे ड्रॉइंग बोर्ड काढून टाकले गं सगळे. आता स्क्रीनवर काढतात. पण ज्याला स्क्रीन कळते त्याला नकाशा कळत नाही. तू शिकून घे, मी साहेबाला सांगून ठेवते."

मी म्हटलं, बघू.

"बघू काय? कॉम्प्युटर घेताय ना? मग दोन प्रकारांतला डीएक्स घे. एसएक्सवर आमचा प्रोग्रॅम उघडतच नाही. त्याला आत गणित करणारा वेगळा भाग लागतो, तो एसएक्समध्ये नसतो."

म्हणजे सगळ्या बिल्डिंगमध्ये नेमकं काय घ्यायचं हे फक्त मला ठाऊक होतं. रॅमवाल्यांना नाही आणि डिस्कवाल्यांनाही नाही.

पण ते मी घरात सांगितलं नाही. कारण सांगायला गेले तर लाजच वाटावी असं आहे. नोकरीसाठी कॉम्प्युटर मागायचा म्हणजे माझ्याच तोंडाने "राहूया" म्हणायचं. इतकी वर्षं मी जे भांडण चालवलं होतं ते एका वाक्यात हरायचं. आणि तो जिंकला, तर त्या जिंकण्याचं तोंड रोज जेवताना समोर बघायचं. त्याने विचारलं तर सांगेन, असं मी ठरवलं.

त्याने विचारलं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. दुकानं नमाजानंतर उघडलेली, आणि बर दुबईतली झाडून सगळी कुटुंबं त्याच एका रस्त्यावर आलेली. विक्रेता केरळचा होता. हिंदीत समजावत होता की फॅमिलीला एसएक्स बहुत है, उरलेल्या पैशांत सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि स्पीकर येतील, बच्ची खूश. डीएक्स घेतला तर मात्र सीडी नाही. दोन्ही हवं असेल तर बजेट वाढवा. फरकाचा आकडा दिरहॅममध्ये फारसा नव्हता. रुपयांत गुणल्यावर आम्ही दोघेही छताकडे बघायला लागलो.

मुलगी म्हणाली, "एव्हरीवन हॅज सीडी, आई."

नवरा माझ्याकडे वळला. "डीएक्स घ्यायचा का? तुला लागणार असेल तर बघ."

दुकानात गर्दी होती, पण तो अगदी हळू बोलला आणि उत्तराची वाट बघत राहिला. एरवी हा माणूस माझ्या उत्तराआधी पुढचा प्रश्न विचारतो.

"मला काय," मी म्हटलं, "एसएक्स चालेल. दोन वर्षांत जायचंच आहे. मुलीसाठी घ्या."

विक्रेत्याने खलास म्हणून बिल फाडलं. इन्शाल्ला, सोमवारपर्यंत घरी पोचेल.

पोचला. सीडीवर एक हत्ती होता, तो इंग्रजीत पाढे म्हणायचा. मुलीने त्याला आठवडाभर सहन केलं.

शेजारीण एका दुपारी फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन आली. एकेक घालत गेलो, यंत्र गुरगुरत राहिलं, आणि शेवटी स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. गणिताचा तो भाग सापडला नाही, म्हणून प्रोग्रॅम बंद करत आहोत. मागोमाग काळी स्क्रीन.

"एसएक्स घेतलास?" ती म्हणाली.

मी चहा टाकायला उठले. ती मागे स्वयंपाकघरात आली. तो भाग नंतरही बसवता येतो, नवऱ्याला सांग, एका संध्याकाळचं काम आहे, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, सुट्टीवरून आले की सांगते. सुट्टीवरून आल्यावर मी नेहमीप्रमाणे भांडी आपटली. तोवर तिच्या ऑफिसने एका मुलाला घेतलं होतं. पुढे ती कुटुंबासह कॅनडाला गेली. जाताना फ्लॉपी परत मागायची विसरली, की मुद्दामच ठेवून गेली, कोण जाणे.

आणि आम्ही राहिलो. दोन वर्षांची चार झाली, मग मोजणं सुटलं. मुलगी कॉलेजला जायच्या वयाची झाली, तेव्हा नवं शतक उजाडून गेलं होतं आणि घरात दुसरा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली. पुन्हा शुक्रवार, पुन्हा तीच गल्ली. मी सवयीने विचारलं, यावर नकाशांचा प्रोग्रॅम चालतो का? विक्रेता हसला. "आंटी, इसपे सब चलता है."

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "तेव्हा तू डीएक्स म्हणशील असं वाटलं होतं मला."

मी विचारलं, कधी?

"पहिला घेतला तेव्हा. शेजारणीने मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं तिच्या ऑफिसचं. मी दोन्हीचे पैसे घेऊनच निघालो होतो."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने लगेच हॉर्न दिला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, यांना इथेच राहायचंय म्हणून मला कामाला लावतायत."

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत. त्या दुकानात आम्ही दोघेही दुसऱ्याच्या तोंडून एक शब्द यायची वाट बघत होतो, आणि मध्ये तो बिचारा विक्रेता स्पीकरचे गुण सांगत होता. पुढचा रस्ता आम्ही नव्या यंत्राच्या वॉरंटीबद्दल बोललो.

मुलीने महिन्याभरात तो प्रोग्रॅम मिळवून घालून दिला. तिला वाटलं, आईला विरंगुळा. मीही तसंच सांगितलं. आता चाळिशी उलटलेल्या आणि वीसेक वर्षं एकही रेघ न ओढलेल्या बाईला कोण विचारतंय, हे मला कळत होतं. तरी शिकले. इथे चूक खरवडावी लागत नाही, एक बटण दाबलं की जाते. हाताचा मात्र पहिले काही दिवस त्यावर विश्वास बसला नाही.

काहीतरी काढून बघायचं म्हणून राहता फ्लॅट काढायला घेतला. नवऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं, मी आकडे लिहून घेतले. भिंती, दारं, बाथरूम, सगळं स्क्रीनवर जागच्या जागी आलं. शेवटी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण टाकायचा असतो. तिथे मी थांबले. पुण्याच्या फ्लॅटची उत्तर मला झोपेतही सांगता आली असती, आणि तिथे आम्ही वर्षातून महिनाभर राहायचो. इथली माहीत नव्हती.

"अहो, आपली उत्तर कुठे?"

तो बाल्कनीत गेला. संध्याकाळ होत आली होती. "इथे ये," तो म्हणाला. "सूर्याकडे तोंड करून उभी राहा. उजवा हात कर."

मी उजवा हात केला. हाताच्या दिशेला स्वयंपाकघर आलं.

"बघ," तो म्हणाला, "तिकडे."

मी आत येऊन बाण टाकला.