इंजिनावरचा डाग

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या समोरच्या घरात एक अमेरिकन म्हातारा एकटाच राहायचा. बायको गेलेली, मुलगी ॲरिझोनात. आम्ही नवराबायको घरात त्यांना आजोबा म्हणायचो. हल्ली ते गॅस चालू ठेवून फिरायला जायचे, म्हणून मुलगी त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. आजोबांना ते मुळीच पटलेलं नव्हतं. 'माझं डोकं ठणठणीत आहे,' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

२००५च्या उन्हाळ्यात त्यांनी आपली सदुसष्ट सालची निळी गाडी मला विकली. अट एकच घातली, जाण्याआधी एकदा त्यांना तिच्यातून चक्कर मारून आणायची. मी म्हटलं, एकदा काय, दहादा नेतो. माझं तोंड असंच, आधी बोलून मोकळं होतं. उन्हाळा ऑफिसातल्या सॉफ्टवेअर रिलीजमध्ये गेला, आणि दसरा आला तेव्हा आजोबांचा निघायचा रविवार चार दिवसांवर होता.

दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेला गाडी कळकट ठेवायची नाही, हे माझ्या वडिलांचं स्कूटरपासूनचं शास्त्र. आदल्या शनिवार-रविवारी मी इंजिन घासूनपुसून काळ्या रंगाचा स्प्रे मारला. बॅटरीची काळी केबल इंजिनाला जिथे बोल्टनं आवळली होती, तिथे रुपयाएवढी जागा खरवडलेली, उघडी. एवढी देखणी गाडी आणि तिथे खरूज झाल्यासारखा डाग. म्हातारपणी हात फिरत नसेल, म्हणून मी मनातल्या मनात आजोबांना माफ केलं आणि केबल काढून तिथे रंगाचे दोन हात जास्तच मारले, वाळल्यावर ती परत आवळली.

बुधवारी सकाळी बायकोनं झेंडू न मिळाल्यामुळे शेवंतीचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी रुबाबात किल्ली फिरवली. गाडी शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखी कण्हली. अगदी सावकाश, आता पडते की मग पडते, अशी चार वेळा फिरली आणि थांबली. लिंबू होतं तसंच राहिलं.

मग मी जे काही केलं त्याला शहाणपण म्हणता येणार नाही. बॅटरी दुकानात नेली, तिथला माणूस म्हणाला चांगली आहे. माझा विश्वास बसेना, नवीनच आणली. तेच कण्हणं. गुरुवारी सुट्टी टाकून स्टार्टर बदलला, पाठीचा काटा ढिला झाला, आणि नव्या स्टार्टरनंही तोच सूर लावला. माझी मती गुंग झाली. नवी बॅटरी, नवा स्टार्टर, मग वीज मधल्यामध्ये जाते कुठे? गाडी विकताना म्हाताऱ्यानं आपल्याला गंडवलं, असंही एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू?

त्याच संध्याकाळी आजोबा काठी टेकत आले. 'दोन दिवस ऐकतोय,' ते म्हणाले. 'दोष माझाच असणार. मी काहीतरी करायचं विसरलो असेन. चक्कर राहू दे, तिला त्रास देऊ नकोस.' मी तेव्हाच 'नाही हो' म्हणायला हवं होतं. पण मलाही तसंच वाटत होतं, म्हणून गप्प बसलो. ते हळूहळू परत गेले.

शनिवारपर्यंत मी जेवताना पण वायरिंगचा नकाशा घेऊन बसायला लागलो होतो. बायको सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. ती म्हणाली, "चालत होती ना? मग शेवटचं काय बदललंस ते सांग."

"काहीच नाही. नुसती पूजा केली."

"पूजेसाठी काय केलंस?"

मला वाटलं ही लिंबावर घसरली. चिडून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात तो डाग आठवला. तसाच उठलो. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला आणि दुसरं इंजिनाच्या बिनरंगाच्या लोखंडाला लावलं, आणि बायकोला किल्ली फिरवायला सांगितलं. गाडी एका दमात सुरू झाली. वीज केबलखाली मी लावलेल्या रंगापाशी अडत होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं ती जागा पुन्हा उघडी केली. अर्ध्या तासाचं काम. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रविवारी सकाळी मुलगी सामान भरत होती, तेव्हा मी आजोबांना चक्कर मारून आणली. काच खाली करून ते सगळा वेळ इंजिन ऐकत होते. परत आल्यावर म्हणाले, 'बंद कर. आता चालू कर.' केली. 'पुन्हा.' केली. 'मग माझं काहीच चुकलं नव्हतं?' त्यांनी विचारलं, आणि चेहरा असा काही खुलला की मी हौसेनं बॉनेट उघडून त्यांना तो डाग दाखवला, माझा मूर्खपणाही सांगितला.

त्यांनी वाकून त्या जागेवर बोट फिरवलं.

'हे मीच खरवडलं होतं,' ते म्हणाले. 'लग्नाच्या वाढदिवसाला इंजिन रंगवलं होतं, तेव्हा. गाडी अगदी अशीच कण्हायची. तीन दिवस मी वेडा झालो होतो, आणि बायको पायरीवर बसून हसत होती.' मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, 'ह्या वेळी चार दिवस मी तोच आवाज ऐकला. मला आठवलं नाही.'

मला त्या क्षणी माझं तोंड शिवून टाकावंसं वाटलं. आजोबांनी बॉनेट स्वतःच लावलं. मुलगी त्यांचं मन वळवायला समोरून येत होती. तिनं काही म्हणायच्या आत ते तिच्या गाडीत जाऊन बसले, आणि बेल्ट लावण्यासाठी तिला हाक मारली.